टेबलातली शेगडी

जुन्या नाशकात निखारे रस्त्यावर असतात. चौक मंडईकडून दूध बाजाराकडे दिवेलागणीला निघाले की ते आधी नाकाला कळतात, डोळ्यांना नंतर. पत्र्याची लांबट शेगडी, तिच्यावर आडव्या ठेवलेल्या सळ्या, सळ्यांना लपेटलेला खिमा आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालणारा एखादा पोरगा. रमजानमध्ये तरावीहनंतर तर तिथून चालणे मुश्कील होते. या शेगडीला कोणी बार्बेक्यू म्हणत नाही. सीख म्हणतात. आणि सीख खायला कोणी आधी फोन करून टेबल राखून ठेवत नाही. उभ्या-उभ्या खातात, कागदाला हात पुसतात आणि घरच्यांसाठी चार बांधून नेतात.

तीच शेगडी पुढे कॉलेज रोडकडे गेली आणि टेबलाच्या पोटात जाऊन बसली. 2006 साली मुंबईत बार्बेक्यू नेशनचे पहिले हॉटेल निघाले. निखाऱ्यांचा डबा टेबलाच्या मधोमध, त्यावर ज्याने त्याने आपली सळई फिरवून घ्यायची आणि ठरलेल्या रकमेत पोट भरेपर्यंत खायचे, ही रीत तेव्हापासून आपल्याकडच्या शहरांत रुळली. मग ती अनेकांनी उचलली. बार्बेक्यू हा शब्द तर फारच लांबचा. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा, स्पॅनिश लोकांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. आमच्या वर्गात हा शब्द उर्दूत लिहायला सांगितला तेव्हा चाळीस मुलांनी तो सात प्रकारांनी लिहिला होता.

आम्ही सहाजणी. बी.एड.च्या मैत्रिणी. तेव्हा बी.एड. एका वर्षाचे होते, 2015 पासून ते दोन वर्षांचे झाले. एका वर्षात सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, टाचणवह्या, तक्ते, शेवटची परीक्षा असे सगळे कोंबलेले असल्यामुळे मैत्री करायला वेळ नव्हता. ती आपोआप झाली. एकीचे तक्ते दुसरीने रंगवायचे, दुसरीचे टाचण तिसरीने उतरवायचे, आणि डबा सगळ्यांनी मिळून संपवायचा. हजेरीच्या वेळी एकाच नावाच्या दोघी-तिघी निघाल्यामुळे गावावरून हाका मारायची सवय लागली ती आजही तशीच आहे. मालेगाववाली, निफाडवाली, सिन्नरवाली, शरणपूरवाली, कोकणीपुऱ्यातली. सहावीचे घर भद्रकालीत. हे लिहिण्याचे काम बाकीच्यांनी तिच्या गळ्यात घातले आहे. तिघी उर्दू माध्यमाच्या शाळेत, दोघी मराठी, आणि शरणपूरवाली कॉन्व्हेंटमध्ये.

1 मेला निकाल वाटून झाला की पहिल्या आठवड्यात एक संध्याकाळ आमची. पोरे सासूकडे, नवऱ्याला सकाळीच सांगून ठेवलेले, आणि दहाच्या आत घरी. कितीतरी वर्षे आम्ही मिसळ खायलाच जात होतो. नाशिकची मिसळ म्हणजे काय ते नाशिकबाहेरच्यांना सांगून कळत नाही, ते असो. पण मिसळीचा खरा गुण असा की तिला काही विचारावे लागत नाही. सिन्नरवाली जैन, तिला कांदा-लसूण नको, म्हणून तिच्यापुरता दहीवडा नाहीतर साबुदाणा. बाकी पाचजणी एकाच रश्श्यात. मिसळीच्या टेबलावर आम्ही कोण, हे कुणाला सांगावे लागले नाही.

यंदा शरणपूरवालीने हट्ट धरला. तिच्या शाळेच्या शिक्षकांची पार्टी तशा एका हॉटेलात झाली होती. "दरवर्षी काय ती मिसळ? आपण आता पगारदार बायका आहोत," असे तिचे म्हणणे. हॉटेलचे नाव सांगण्याची गरज नाही. सीबीएसवरून कॅनडा कॉर्नर ओलांडून दोन रिक्षांनी गेलो, इतके पुरे.

अशा हॉटेलांत एक गोष्ट दारातच विचारतात. बसायच्या आधी, पाणी यायच्या आधी. "व्हेज किती, नॉनव्हेज किती?" कारण दोन्हींचा दर वेगळा. व्हेजचा शंभर-दीडशेने कमी. मिसळीच्या हॉटेलात जो प्रश्न वीस मिनिटांनी किंवा कधीच आला नसता, तो इथे उंबऱ्यावर उभा राहतो. सिन्नरवाली म्हणाली, "एक जैन. शेगडी वेगळी पाहिजे, ब्रश वेगळा, तेल वेगळं." दारावरची मुलगी हसून म्हणाली, "हो मॅडम, जैनसाठी सेपरेट ग्रिल देतो आम्ही," आणि वहीत लिहूनही घेतले. इतके सहज.

आणि मालेगाववाली म्हणाली, "मी पण व्हेज."

हे ऐकून निफाडवाली जागच्या जागी थांबली. मालेगाववालीचे आणि व्हेजचे काय नाते आहे, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. बी.एड.च्या वर्षी तिच्या डब्यात शुक्रवारी शामी कबाब येत. ते कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून संपत. निफाडवालीने आयुष्यातला पहिला कबाब तिथेच खाल्ला. अशी बाई हॉटेलात गेली की वर्षानुवर्षे "मी व्हेज" म्हणते. कारण साधे आहे. विचारायचे नाही. ट्रेनिंगला, लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या सहलीत, सगळीकडे तिने हा रस्ता काढून ठेवला आहे. पनीर खाल्ले की शुबहा नाही आणि सवालही नाही. कोकणीपुऱ्यातलीचा रस्ता निराळा, ती मासळीवर जाते. मासळीला जबह लागत नाही. भद्रकालीवाली कधी हे, कधी ते.

निफाडवालीने दारातच, तिच्या द्राक्षबागेत मजुरांना हाक मारते त्या आवाजात विचारले, "अहो, चिकन हलाल आहे ना? आम्हाला हलाल लागतं."

आम्हाला.

उर्दू शाळेत मराठी शिकवताना आमचा सगळ्यात जास्त वेळ 'आम्ही' आणि 'आपण' या दोन शब्दांवर जातो. उर्दूत एकच 'हम'. त्यात समोरचा आहे की नाही, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. मराठीत मात्र तोंड उघडायच्या आधी ठरवावे लागते: समोरच्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे. मुले हमखास चुकतात. सरांना निमंत्रण देताना "आम्ही उद्या सहलीला जाऊ या" म्हणतात. निफाडवाली मराठा, मराठी शाळेत मराठीच शिकवते, तिची अशी चूक होणार नाही. तिने आमच्या तिघींना 'यांना' म्हटले नाही. कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र, आणि "आम्हाला हलाल लागतं." दारावरची मुलगी तिच्याकडे बघत राहिली. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी वाढदिवसाची मंडळी होती, ती गप्प झाली.

आतून कॅप्टन आला. बंगालकडचा असावा. त्याने वाकून हलक्या आवाजात सांगितले, "है मॅडम, सब हलाल है। सर्टिफिकेट भी है। पहले काउंटर के पीछे ही लगा था। बस ज़रा धीरे बोलिए।" मग मोबाइल काढून त्याने प्रमाणपत्राचा फोटो दाखवला. आम्ही सहाही जणींनी तो पाहिला. मुदत पाहिली, शिक्का पाहिला, सही मोठी करून पाहिली. मुख्याध्यापक आमचे टाचण इतके बारकाईने बघत असते तर शाळा कुठच्या कुठे गेली असती.

बसलो. टेबलात डबे ठेवले गेले, एक मोठा, एक टोकाला सिन्नरवालीसाठी छोटा. सळ्या आल्या. चिकन, मासळी, कोळंबी, मश्रूम, दालचिनी लावलेला अननस. टेबलावर एक चिमुकला झेंडा असतो; तो उभा आहे तोवर वाढपी सळ्या आणत राहतात, आडवा केला की थांबतात. कोळंबी आली तेव्हा कोकणीपुऱ्यातलीने दोन सळ्या आपल्याकडे ओढल्या. ती शाफई, तिच्याकडे समुद्रातले सगळे चालते. मालेगाववाली हनफी, तिच्या घरी कोळंबीला मासळी म्हणायचे की नाही यावर तीन पिढ्यांचा वाद आहे. "ये झींगा इधर मत ला," असे म्हणून तिने आपली ताटली हाताने झाकली. निफाडवाली म्हणाली, "म्हणजे तुमच्यातही जैन आहेत की!" यावर सिन्नरवाली इतकी हसली की तिच्या बटाट्याविना केलेल्या टिक्कीचा तुकडा निखाऱ्यांत पडला.

पण मालेगाववाली चिकन खात नव्हती. कागद बघितला होता, दरही नॉनव्हेजचाच लावायला सांगितला होता, सळई समोर चरचरत होती. शेवटी ती निफाडवालीला म्हणाली, "तू क्यूँ पूछी? मैं गूँगी हूँ क्या?"

निफाडवालीला पहिल्यांदा ते कळलेच नाही. मग लागले. "तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा मी कोंबडी तुमच्या मंडईतून आणते. घरचे बोलतात तरी आणते. तेव्हा चालतं, आणि इथं विचारलं तर राग?"

"वहाँ तू अपने घर में पूछती है. इथं माझ्यासाठी विचारलंस." मालेगाववाली चिडली की उर्दू आणि मराठी एकाच वाक्यात बोलते. "आणि तू विचारलंस म्हणून कागद निघाला. मी विचारलं असतं, या बुरख्यात, तर निघाला असता?"

"निघाला असता की."

"निघाला असता. पण कसा?"

थोडा वेळ कोणी बोलले नाही. वाढपी येऊन मासळी ठेवून गेला. शरणपूरवालीने विषय बदलायचा प्रयत्न केला, की तुमच्या किताबातच आहे ना, अहले किताबचं चालतं, मग पुढच्या वेळी मीच कापून आणते. तिला हे कुणी सांगितले ते माहीत नाही, पण तिचे बरोबर होते. ते सूरह माइदामध्ये आहे, आणि माइदा म्हणजेच मांडलेले दस्तरखान. हलाल-हरामची यादी ज्या सूरहमध्ये आहे तिचे नाव जेवणावरून पडावे, हे आम्हा उर्दूवाल्या तिघींनाही त्या टेबलावर बसेपर्यंत सुचले नव्हते.

वाद थांबवला तो सिन्नरवालीने. ती एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "मी दर हॉटेलात विचारते. कांदा आहे का, लसूण आहे का, तेल कोणतं, शेगडी वेगळी का. मला आजपर्यंत कुणी हळू बोला म्हणालं नाही."

त्या संध्याकाळी झालेल्या बोलण्यातले हेच एक वाक्य आमच्या डोक्यात राहिले. निफाडवालीने विचारले ते योग्यच केले असे आमचे मत आहे. मैत्रिणीने मोठ्याने विचारलेला प्रश्न आपल्या खाली मान घालून पनीर मागण्यापेक्षा कधीही स्वच्छ. पण मालेगाववालीच्या "पण कसा?" ला आमच्याकडे उत्तर नाही. कॅप्टनचाही दोष काढता येत नाही. त्याने खोटे सांगितले नाही, टाळले नाही, कागद दाखवला. कागद भिंतीवरून त्याच्या खिशात गेला आहे एवढेच. तो का गेला, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

न विचारताही थोडेफार समजते. 2019 च्या ऑगस्टमध्ये मॅकडोनल्ड्सच्या भारतातल्या कंपनीने एका ग्राहकाच्या साध्या प्रश्नाला ट्विटरवर उत्तर दिले की आमच्या सगळ्या हॉटेलांकडे हलाल प्रमाणपत्र आहे. लगेच बहिष्काराची हाक उठली. 18 नोव्हेंबर 2023 ला उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यवस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. फक्त निर्यातीच्या मालाला सूट ठेवली. म्हणजे परदेशी माणसाने विचारले तर कागद दाखवायचा. आपल्या राज्यात 2025 च्या मार्चमध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केले. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. आम्हाला विचाराल तर ज्याला झटका हवा त्याने झटक्याची पाटी शोधावी, त्यात आमचे काही जात नाही. पाकिटावर हिरवा ठिपका असतोच की. सिंगापूर-मलेशियात तर हलालचा शिक्का हॉटेलच्या दारावरच असतो. ज्याला हवा तो बघतो, ज्याला नको तो न बघता आत जातो. पाटी कोणतीही असो, ती भिंतीवर असली म्हणजे माणसाला कुणाच्या कानात विचारावे लागत नाही.

हे सगळे त्या टेबलावर बोललो नाही. तिथे झाले ते असे. वाढदिवसाच्या टेबलाजवळ वाढपी टाळ्या वाजवत गोळा झाले, गाणे झाले, सहा-सात वर्षांच्या मुलाने केक कापला. मग त्या घरातल्या आजी कागदी बशीत केकचे तुकडे घेऊन आमच्याकडे आल्या. मघाशी गप्प झालेल्या मंडळींतल्याच त्या. "घ्या गं पोरींनो, नातवाचा वाढदिवस आहे." आम्ही हात पुढे केले. मालेगाववालीने बशी धरली, वाढायच्या आधी थांबली आणि आजींना विचारले, "यात अंडं नाही ना? आम्हाला चालत नाही."

आजींनी बुरख्याकडे पाहिले, मग टोकाच्या छोट्या शेगडीकडे. "बिनअंड्याचाच आहे बाई. आमच्यातही एक आहेत तशा," असे म्हणून त्या गेल्या.

त्यानंतर मालेगाववालीने चिकनची सळई उचलली. "बिस्मिल्ला," म्हणाली आणि ब्रशने तेल लावून पुन्हा निखाऱ्यावर धरली, कारण तिच्या मते ती कच्ची होती. तिच्या मते जगातले सगळे हॉटेलवाले मांस कच्चे काढतात. झेंडा तिने साडेनऊपर्यंत आडवा पडू दिला नाही. आत मांडलेल्या बिर्याणी-डाळीकडे कोणी फिरकलेही नाही. तिथेच हॉटेलवाल्याचा फायदा असतो म्हणतात, की लोक सळ्यांवर भरतात. आम्ही त्याला फार फायदा होऊ दिला असे वाटत नाही.

खरे सांगायचे तर चव बरी होती, फार नाही. गॅससारखे एकसारखे निखारे, मसाला वरवरचा, दही जास्त. सीख म्हणजे ते नव्हे. सीखेला खिम्यात कच्ची पपई वाटून घालावी लागते. पपईतले पपेन मांसाचे धागे मऊ करते, आणि जास्त वेळ राहिले तर त्याचा लगदा करते. त्यामुळे घड्याळ बघून काम करावे लागते. चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, चव त्या धुराची असते. हॉटेलात तो धूर वरच्या नळीतून ओढून घेतात, कपड्यांना वास लागू नये म्हणून. वास लागला नाही तर खाल्ले कशाला?

दूध बाजाराच्या गाड्यांवरही आता पूर्वीची सीख राहिलेली नाही, हेही खरे. 2015 च्या मार्चपासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे चालते. पण धंदा जपून करायचा म्हटले की भाव वाढतो, आणि काही गाडीवाले सरळ चिकनवर आले. अब्बांच्या पिढीचे लोक एक घास घेतात आणि काही न बोलता उरलेली परत कागदात गुंडाळतात.

बिल आले. पाच नॉनव्हेज, एक जैन. शरणपूरवाली म्हणाली, सहा भाग करा. सिन्नरवाली म्हणाली, माझे कमी आहेत. गणित शिकवणाऱ्या दोघी असूनही दहा मिनिटे गेली. बाहेर आल्यावर निफाडवाली आणि मालेगाववाली एकाच रिक्षात बसल्या. रस्ता दोघींचा वेगळा होता. सीबीएसपर्यंत त्या काय बोलल्या ते त्यांनी आम्हाला सांगितलेले नाही.

पुढच्या वर्षीचे ठिकाण मात्र ठरले. हॉटेल नको. बकरी ईदनंतर भद्रकालीतल्या घराच्या गच्चीवर. दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी तिथे शेगडी पेटतेच, घरची पोरे खाली-वर पळत असतात, खिमा अम्मी स्वतः मळतात आणि सळ्या फक्त मामू लावतात, दुसऱ्याने लावल्या तर खिमा गळून निखाऱ्यात पडतो असा त्यांचा दावा आहे. निफाडवाली येते म्हणाली. शरणपूरवाली तर उद्याच यायला तयार होती. सिन्नरवालीने बोटांवर महिने मोजले. चातुर्मासात ती रात्री जेवत नाही, पण तो त्यानंतर लागेल.

अम्मींना हे सांगितले तेव्हा त्यांनी बाकी काही विचारले नाही. फक्त म्हणाल्या, "उस बच्ची का क्या?" आणि दोन दिवसांनी भद्रकालीच्या बाजारातून एक छोटी नवी शेगडी, चार सळ्या आणि एक ब्रश घेऊन आल्या. त्यांच्या दांड्यांना लाल दोरा बांधला आहे, चुकून कुणी खिम्याला लावू नये म्हणून. शेगडी माळ्यावर न ठेवता स्वयंपाकघरात वेगळ्या फळीवर ठेवली आहे. पावसाळ्यात तिच्यावर आतापर्यंत फक्त मक्याची कणसे भाजली आहेत.